काचेची गाडी, पाचरा आणि बाकी मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, मोजमापाच्या प्रयोगशाळेत अभियंता म्हणून नोकरीस, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे आज लिहून ठेवत आहे. मला हे लिहायला कोणी सांगितलेले नाही. लिहू नकोस असा आग्रह मात्र माझ्या आईने धरला, आणि तिचा उल्लेख पुढे येईल.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा प्रत्येक कागदात असते आणि ते कोणी तपासत नाही. माझ्याबाबतीत ते तपासलेले आहे. माझ्या डाव्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर, एक लहान गाठ आहे आणि येत्या आठवड्यात ती काढायची आहे. ही गाठ विचार करण्याच्या भागाला कोठेही टेकलेली नाही असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तो दाखला सोबत जोडला आहे. त्यात "रुग्णास दिशेचे भान कमी" असेही एक वाक्य आहे. ते या कागदाला बाधक नाही, असे वकील म्हणाले. "मृत्युपत्राला दिशा कुठे लागते?" हे त्यांचे शब्द. मला त्याची तितकी खात्री नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रयोगशाळेतील माझ्या वरिष्ठ बाईंनी करावी. त्यांना माझ्या घरातले कोणीही विशेष आवडत नाही, त्यामुळे त्या कोणाची बाजू घेणार नाहीत. त्यांनी होकार दिला आहे. होकार देताना त्या म्हणाल्या, "तू परत येणार आहेस, पण कागद व्यवस्थित असलेला बरा." हे वाक्य मला गेल्या महिन्यात ऐकलेल्या सर्व धीराच्या वाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडले.

२. घर. खाली काचेचे दुकान, मागे शेड, मधल्या मजल्यावर आई आणि धाकट्या भावाचे कुटुंब, वरच्या खोलीत मी. दुकान भावाचे आहे आणि त्याच्याशी माझा संबंध नाही. घरातला माझा निम्मा हिस्सा आई असेपर्यंत आईकडे आणि तिच्यानंतर धाकट्याकडे जावा. एक अट आहे. वर जाणाऱ्या जिन्यात डाव्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, रंग घासून गेलेला एक पट्टा आहे. तो रंगवून घ्यावा. रंगाचा डबा मी आणून ठेवला आहे. तो पट्टा कसा झाला ते चौथ्या कलमात येईल.

३. बँकेतील सर्व ठेवी आईला. हे कलम मी तिला वाचून दाखवले.

"मला नकोत तुझे पैसे," ती म्हणाली. "मेल्यावरच्या गोष्टी जिवंतपणी बोलू नयेत."

"आई, यात मेल्यावरच्याच गोष्टी लिहायच्या असतात."

"मग मी गेल्यावर लिही."

तिचे हे म्हणणे मी बराच वेळ तपासून पाहिले. त्यात चूक कोठे आहे ते सापडते, पण तिला समजावून सांगता येत नाही. ठेवी तिलाच.

४. गाडी. हे कलम मी अनेकदा लिहून फाडले आहे. सुरुवातीला ते एका ओळीचे होते.

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला जुना पिकअप ट्रक. तो माझ्याहून वयाने मोठा आहे. वडिलांनी तो काचा वाहून नेण्यासाठी घेतला होता. हौद्याच्या डाव्या अंगाला काचा उभ्या ठेवण्याची लोखंडी चौकट त्यांनी स्वतः बसवली, कारण दुकानाची पायरी त्या बाजूला येत असे. भार कायम डावीकडे राहिल्याने त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसत गेले आणि गाडी डावीकडे ओढू लागली. वडील आयुष्यभर स्टिअरिंग थोडे उजवीकडे ताणून धरून सरळ गेले. त्यांच्या सर्व सदऱ्यांची उजवी बाही काखेत उसवलेली असायची.

ते गेले तेव्हा दुकान भावाला आणि गाडी मला असे त्यांनी लिहून ठेवलेले निघाले. कारण दिलेले नव्हते. मला ते आजही कळलेले नाही.

"दुकान मला आणि गाडी ताईला?" भाऊ त्या दिवशी म्हणाला. "म्हणजे काचा मी डोक्यावरून पोचवू?"

"डोक्यात मावतील तेवढ्या ने," आई म्हणाली. "जास्त नसतील."

शेवटी ठरले असे की गाडी माझी, वापर त्याचा आणि दुरुस्ती माझी. याच गाडीतून तो काचा पोचवतो आणि याच गाडीतून मुलीला शाळेत सोडतो. त्यामुळे मी दुरुस्ती गांभीर्याने घेतली.

सुरुवातीला गाडीत जे दोष होते ते खरे होते. हे मी ठासून लिहीत आहे, कारण पुढे काय खरे होते हे मला सांगता येणार नाही. स्टिअरिंग तळहाताच्या रुंदीइतके रिकामे फिरत असे आणि तोवर चाकांना पत्ताच नसे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले की ठकठक वाजत असे, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती किंगपिन आणि तिचे बुश झिजलेले होते. मी दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश बदलले. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे बदलले. स्टिअरिंग बॉक्स उघडून त्यातला मोकळा प्ले कमी केला. दोन्हीकडचे पाटे नव्याने कमान देऊन बसवले आणि काचांची चौकट हौद्याच्या मध्यावर आणली. मग दोन्ही अंगांना दोरा ताणून चाके मोजली. गाडी सरळ झाली. याला माझ्या हातची मोजमापे आहेत आणि त्यांवर माझा विश्वास आहे.

काही आठवड्यांनी गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली.

आता पाचर म्हणजे काय ते लिहावे लागेल. पाटे आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ अशी पोलादी पट्टी बसवता येते. तिने किंगपिनचा मागे झुकलेला कोन बदलतो. ज्या बाजूला हा झुकाव कमी, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणून मी डाव्या बाजूला अर्ध्या अंशाची पाचर घालून तिकडचा झुकाव वाढवला, जेणेकरून गाडी थोडी उजवीकडे यावी. हे सर्व धरून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट मी नवे घातले. ते एकदा घट्ट केले की ताणले जातात. दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून मी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. प्रयोगशाळेत आम्ही असेच करतो. रेघ तुटली तर नट कोणीतरी हलवला आहे असे समजायचे.

गाडी सरळ झाली. मग पुन्हा डावीकडे. मी कोन मोजला तर तो पाचर नसल्यासारखाच होता. पण पाचर जागेवर दिसत होती आणि पिवळ्या रेघा अखंड होत्या. म्हणजे कोणी हात लावलेला नव्हता. मी उजव्या बाजूला उलटी पाचर घातली. पुन्हा तेच. कोन गेला, रेघा अखंड. अ‍ॅक्सलच पिळवटत असेल असे समजून मी तो वळणावरच्या गॅरेजमधून पूर्ण उतरवून घेतला, प्रयोगशाळेच्या सपाट पाटावर ठेवला आणि तपासला. तो सरळ होता. वरिष्ठ बाई म्हणाल्या, "लोखंड खोटं बोलत नाही, तेव्हा दुसरं कोणीतरी बोलतंय." मी त्यावर हसले. मला वाटले होते की त्या दोऱ्याबद्दल बोलत आहेत. जुना दोरा ताणला जातो.

मग एका रविवारी मी गाडी धुतली. पाण्याच्या नळीने पुढचा भाग धुताना नटांवरून पिवळे पाणी ओघळले. माझा रंग पाण्यात जात नाही.

मी भावाला शेडमध्ये बोलावले. त्याची मुलगीही मागोमाग आली. ती सहा वर्षांची आहे.

"या खुणा कोणी रंगवल्या?" मी विचारले.

"कसल्या खुणा?"

"पिवळ्या. पाण्यात विरघळणाऱ्या."

मुलगी म्हणाली, "आत्या, मी नाही हं. बाबांनीच माझा पिवळा संपवला. आता माझे सगळे सूर्य लाल निघतात."

मी बोल्ट सोडले. दोन्ही बाजूंना माझ्या पाचरा नव्हत्या. त्यांच्याच मापाच्या, बाहेरून हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण दोन्ही टोकांना सारख्या जाडीच्या सपाट पट्ट्या होत्या.

"तू माझ्या पाचरा काढत होतास?"

"ताई, तुझी पाचर घातली की गाडी उजवीकडे जायची," तो म्हणाला. "चांगलीच जायची. एकदा गोदामाच्या भिंतीला लागलो. काचा मागे होत्या. गाडीचा बाजूचा आरसा सायकलवाल्याने तोडला म्हणून सांगितलं ना तुला, तो भिंतीनं तोडला."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"गाडी उजवीकडे जाते म्हणून."

"आणि तू म्हणाली असतीस, डावीकडे जाते. आणि मोजून दाखवलं असतंस." त्याने बोनेटवर हात ठेवला. "गाडी नाही जात डावीकडे, ताई. तू जातेस."

"म्हणजे?"

"जिना बघ जाऊन."

मी जिना पाहिला. भिंतीवरचा पट्टा माझ्या खांद्याच्या उंचीचा होता आणि त्या जिन्याने वर राहायला फक्त मी जाते. माझ्या सर्व सदऱ्यांच्या डाव्या खांद्यावर चुन्याचा रंग होता. तो मला दिसत होता आणि मी तो दर आठवड्याला घासून धूतही होते. मला वाटायचे की जिना अरुंद आहे.

खाली येऊन मी त्याला विचारले की त्याला हे कधीपासून माहीत आहे.

"आधी वाटलं, तुला कळेल," तो म्हणाला. "मग वाटलं, नको कळायला. तू गाडीखाली गेलीस की त्या दिवशी घरात सगळ्यांशी बरी बोलतेस."

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले आणि कानातली गाठ सापडली.

आता माझी अडचण अशी आहे. आरंभी गाडी खरोखर डावीकडे ओढत होती. शेवटी मी डावीकडे जात होते. मधे कोठेतरी गाडीचे डावे संपले आणि माझे डावे सुरू झाले, आणि तो सांधा मला सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, अशी गाठ फार हळू वाढते. किंगपिन झिजलेले होते ते मी मोजले होते. पण दुसऱ्यांदा स्टिअरिंग बॉक्स उघडला तो गाडीसाठी की माझ्यासाठी? पाटे दुसऱ्यांदा उतरवले ते कोणासाठी? मी मोजत होते दोऱ्याने आणि निष्कर्ष काढत होते शरीराने, आणि माझ्या कामात हे चालत नाही हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. वडिलांनी गाडी मलाच का दिली, याचाही आता मला निराळाच संशय येतो. तेही डावीकडे जात असतील का? डॉक्टर म्हणाले, हे सहसा घराण्यात चालत नाही. सहसा.

५. माझ्या सर्व पाचरा, म्हणजे शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात आहेत तेवढ्या, वळणावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींना द्याव्यात. त्या त्यांनीच माझ्या मापाने घासून बनवल्या आणि भावाच्या सांगण्यावरून त्यांनीच काढल्या. सपाट पट्ट्याही त्यांच्याच हातच्या आहेत. मी त्यांना जाब विचारला तेव्हा ते चाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"मला काय," ते म्हणाले. "ताई म्हणतात बनव, मी बनवतो. दादा म्हणतात काढ, मी काढतो. बघा, काम दोन्ही वेळेला चोख आहे की नाही?"

"आणि बोल्ट? काढताना नवे घातलेत?"

"जुनेच चांगले होते. ठणठणीत."

"ते दुसऱ्यांदा वापरत नाहीत."

"माझे तर चौथ्यांदा वापरलेत आणि चालतायत."

"मला एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"तुम्हाला?" त्यांनी शेंग खाली ठेवली. "तुम्ही अर्धा अंश, पाव अंश असं बोलता. तुम्हाला कोण सांगणार की बाई, तुम्ही स्वतःच तिरक्या चालता?"

त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो या कागदानंतरही राहील. पाचरा त्यांनी गॅरेजमध्ये दर्शनी भागात टांगाव्यात. बोल्टबद्दलचे त्यांचे म्हणणे चुकीचे आहे हे येथे नोंदवून ठेवते. ते वाचतील याची खात्री नाही, म्हणून वरिष्ठ बाईंनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

६. गाडीखाली आडवे होऊन सरकण्यासाठी चाके लावलेली माझी फळी मामांना. वडील गेल्यावर त्यांनी चार पाहुण्यांसमोर म्हटले होते, "शिकलेली पोर आणि गाडीखाली उताणी पडते, शोभतं का?" मामांनी त्या फळीवर एकदा उताणे पडून पाहावे. त्यांच्या कमरेला बरे वाटेल. दुसरे कोणतेही कारण नाही.

७. कोन मोजायचे उपकरण, डायल गेज, फटीचे माप घेणाऱ्या पात्या आणि दोऱ्याची रिळे प्रयोगशाळेला. नट ठरावीक घट्ट झाला की टक् वाजणारा टॉर्क पाना मात्र घरातच राहावा. तो धाकट्याचा. का, ते पुढे.

भावजयीला माझा लिहायचा टेबल. तिने तो मागितलेला नाही, पण जेवायच्या टेबलावर हिशेब करताना ती कुरकुरते ते मी ऐकले आहे. भाचीला पिवळ्या रंगाच्या दोन बाटल्या. त्या तिला आजच देऊन टाकल्या आहेत, तेव्हा हे वाक्य खोडले तरी चालेल.

८. गाडी, पुन्हा.

सगळा घोळ कळल्यावर सर्वांत आधी मला बोल्टची भीती वाटली. मी माझ्याकडून दर वेळी नवे घातले होते. पण मधल्या काळात मिस्त्रींनी तेच सोडले आणि तेच पुन्हा आवळले होते. मी खुणा पाहून विश्वास ठेवत होते, भाऊ मिस्त्रींवर विश्वास ठेवत होता, आणि अ‍ॅक्सलला पाट्यांशी धरून ठेवणारे बोल्ट दोघांच्या मधे ताणले जात होते. त्यांतला एक जरी तुटला असता तर अ‍ॅक्सल सरकला असता, आणि मग स्टिअरिंग कोणाच्याही हातात राहिले नसते. गाडीत शाळेचे दप्तर असते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष वाटायला बसले तर कोणाच्या वाट्याला किती येतो ते मला काढता येत नाही.

मी त्या दिवसापासून गाडी जागेवर उभी केली. भाऊ म्हणाला, "आणि तुला हॉस्पिटलात कशातून न्यायचं?"

"टॅक्सीतून."

"अजिबात नाही. बाबांच्या गाडीतून नेणार."

"गाडी माझी आहे."

"म्हणून तर."

मला आता फळीवर आडवे होता येत नाही. झोपले की शेडचे छत फिरते. म्हणून गेल्या रविवारी तो गाडीखाली गेला आणि मी शेजारी स्टुलावर बसले. आई दारात उभी होती. तिने भाजी निवडायला आणली होती आणि एकही काडी निवडली नाही.

सपाट पट्ट्या काढल्या. काहीच घातले नाही. नवे बोल्ट.

"समोरासमोरचे आवळ," मी म्हणाले. "एक इकडचा, मग त्याच्या तिरका समोरचा. एकदम पूर्ण नको."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर सांगावं लागलं नसतं."

"ताई, तोंडात माती पडतेय. थोडं कमी बोल."

"पाना टक् वाजला की थांब."

"वाजला."

"नाही वाजला."

"वाजला गं!"

मी आईकडे पाहिले. माझ्या डाव्या कानाला ऐकू कमी येते, हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते.

"वाजला," आई म्हणाली. "मी ऐकलं."

मग दोन्ही अंगांना दोरा ताणला. मी आकडे वाचले, वरिष्ठ बाईंनी येऊन पुन्हा वाचले. जुळले. गाडी कागदावर सरळ होती.

गोदामामागे एक लांब पटांगण आहे. एका कडेला सलग भिंत आहे. भावाने टायर पाण्यातून नेऊन ओले केले, मला शेजारी बसवले आणि भिंतीला समांतर, सावकाश, गाडी नेली.

"आता?" त्याने विचारले.

"डावीकडे."

"आता?"

"डावीकडे जातेय. जास्तच."

"आता?"

मी दरवाजाची मूठ धरली. भिंत माझ्या अंगावर येत होती. "थांब," मी म्हणाले. "थांब, लागेल."

त्याने थांबवली. आम्ही खाली उतरलो. मागे पटांगणावर चाकांच्या दोन ओल्या रेघा होत्या. मी टेप लावून भिंतीपासूनचे अंतर सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी मोजले. तिन्ही ठिकाणी सारखे होते. डोळ्यांना रेघा सरळ दिसत होत्या. टेपला त्या सरळ होत्या. फक्त त्या काढत असताना मी डावीकडे जात होते.

"कुठली खरी?" मी विचारले. मला खरोखर विचारायचे होते.

"तू मोजलंस ते," भाऊ म्हणाला.

"आणि मला वाटलं ते?"

त्याने खांदे उडवले. "ते पण असेल. पण त्यावर काचा नाही लादता येणार."

उन्हाने ओल्या रेघा वाळत होत्या. त्या पूर्ण जाईपर्यंत आम्ही तेथे उभे राहिलो. त्यानंतर मी घरी येऊन हे कलम शेवटचे लिहिले. ते असे:

पिकअप ट्रक, त्याच्या दोन्ही चाव्या, काचांची चौकट आणि टॉर्क पाना माझ्या धाकट्या भावाला. गाडी आज आहे त्याच जुळणीत राहावी. तीत पाचर घालू नये. पुढे कधी ती ओढू लागली तर आधी टायरची हवा पाहावी, मग दोरा ताणावा, मग किंगपिन हलवून पाहावे, आणि बोल्ट सोडले तर नवेच घालावेत. केवळ अंगाला जाणवते एवढ्यावरून काहीही बदलू नये, मग ते अंग कोणाचेही असो. वडिलांनी मला गाडी कोणत्या कारणाने दिली ते मला माहीत नाही. मी त्याला ती या कारणाने देत आहे की तो माझ्या शेजारी बसून सरळ गेला.

९. वरील सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे एक कलम मी जगले तर लागू व्हावे. मृत्युपत्रात असे कलम बसत नाही, कायद्याने त्याला काही अर्थ नाही, असे वकिलांनी सांगितले. त्यांनी ते खोडलेही होते. मी ते पुन्हा लिहिले आहे.

गाठ काढताना तो मज्जातंतूही बहुधा जाईल. डॉक्टर म्हणतात, मग मेंदू उरलेल्या एका कानावर तोल सांभाळायला नव्याने शिकतो. किती दिवसांत शिकतो, पूर्ण शिकतो का, हे ते सांगत नाहीत. मी परत येईन तेव्हा मला गाडी डावीकडे जाते असे वाटेल, उजवीकडे जाते असे वाटेल, की सरळ जाते असे वाटेल, हे मला आज माहीत नाही. सरळ वाटले तरी ते खरे असेल की नाही हेही मला त्या वेळी कळणार नाही. मी मात्र ठामपणे बोलेन. मी नेहमीच ठामपणे बोलते.

म्हणून गाडीची चावी धाकट्याकडे राहावी. मी मागितली तर द्यायची की नाही हे त्याने ठरवावे, आणि खोटी पट्टी बसवून नव्हे, तोंडाने सांगावे. मी भांडेन. मोजमापे काढेन, त्याला त्याच्या शाळेतल्या गुणांची आठवण करून देईन, आईला मध्ये घेईन. त्या वेळी त्याने मागे हटू नये आणि हा कागद माझ्यासमोर धरावा. खाली सही माझीच आहे, आणि ती करताना मला समजत होते.

ठिकाण : घराच्या मागची शेड.
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार, सकाळ.

लिहून देणार : (सही)

आम्ही खालील दोघांनी लिहून देणारीस आमच्यासमोर सही करताना पाहिले, तिच्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष आम्हीही सह्या केल्या. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिल्या : समोरच्या दुकानात शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या बाई (सही)

साक्षीदार दुसरे : प्रयोगशाळेतील वजनकाटे विभागाचे सहकारी (सही)

मिस्त्रीही साक्षीला आले होते. कलम पाचमुळे त्यांना सही करता येणार नाही असे सांगितल्यावर, "मग पाचरा राहू द्या, सही घ्या," असे ते म्हणाले. ते मान्य केलेले नाही.